नाकातला वाटाणा आणि आजोबांची तपकीर

आमच्या चिऊनं नाकात वाटाणा घातला तेव्हा घरात शिकलेलं माणूस कोणी नव्हतं. मी सातवीतून शाळा सोडलेला, बायको आठवीतून. (ते एक वर्ष ती मला अजून ऐकवते!) गाव राहिलं तिकडे किनवटला, इथे पुण्यात, कसबा पेठेत आम्ही तिघंच. पोर चार वर्षांची. वाटाणा आत ओढला गेला नि श्वास अडकला तर? रिक्षात तिच्याऐवजी मीच धापा टाकत होतो!

मुलांच्या इमर्जन्सीत सिस्टर म्हणाल्या, "बसा. फिट आलेलं बाळ आत आहे, ते आधी."

बसलो. राहवेना म्हणून गावी आईला फोन लावला. ती ओरडली, "डागदर कशाला लागतोय? शिंकव की लेकराला!"

शेजारी नातवाला घेऊन बसलेल्या आजोबांनी हे ऐकलं आणि गुपचूप तपकिरीची डबी पुढे केली. मी ती उघडली. (डोक्यावर पंखा गरगरतोय, हे कोण बघतो!) पहिली शिंक माझी. मग आजोबांची, बायकोची, मग अख्ख्या बाकाची! चिऊ तेवढी टाळ्या पिटत हसत होती. शेवटी तिलाही एक आली आणि वाटाणा टप्पकन माझ्या मांडीवर!

"चला आता," बायको कुजबुजली. "डॉक्टरांना दाखवायचं काय? शिंका?"

पुरावा म्हणून वाटाणा खिशात टाकला नि आम्ही सटकलो. फाटकापाशी मागून हाक आली, "अहो, चिऊचे बाबा! नंबर आलाय!" सिस्टर चक्क धावत आल्या होत्या.

"निघाला ओ वाटाणा."

"एकच घातला होता कशावरून? घालताना आपण मोजत होतात?"

पुणेरी बोलण्यापुढे मी आजवर टिकलेलो नाही. चिऊला उचलून परत फिरलो. डॉक्टरांनी टॉर्च मारला, तर दुसऱ्या नाकपुडीत, पार खोल, आणखी एक वाटाणा! त्यांनी तो अलगद काढला. आम्ही तसेच घरी गेलो असतो तर?

दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन गेलो. या परक्या शहरात आमच्यामागे धावत येणारं दुसरं होतं कोण? पुडा उघडून पुढे केला. सिस्टर म्हणाल्या, "पेढा घेते. आधी खिशात तपकीर नाही ना, ते दाखवा."

खिसा उलटा केला, तर कालचा वाटाणा टुणकन टेबलावर!

सिस्टरनी पेढा खाली ठेवला, टॉर्च उचलला. "बसा. नाक वर करा!"

(केलं!)