दुसऱ्या गिअरची मास्तरीण

गाडी शिकवण्यात मास्तरणीचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि शहरातल्या संडासांची तिच्याइतकी माहिती तर झाडणाऱ्यांनाही नव्हती. कुठल्याची कडी तुटकी, कुठला पहारेकरी किल्ली देताना तोंड वाकडं करतो, सगळं तोंडपाठ. तीन वर्षांपासून आतड्याला सूज, औषधं चालू, तरी पोट कधी दगा देईल याचा नेम नाही. मग ती शिकणाऱ्याला सांगायची, "डावीकडे घ्या, थांबा, मी येईपर्यंत आरसे नीट करा." काहींचे आरसे एका तासात पाच वेळा नीट व्हायचे.

त्यात वर्षभर पाळीनंही ताळतंत्र सोडलेलं. कधी दोन महिने गडप, आणि आली की पोटाचं दुखणं घेऊनच यायची. पोटाच्या डॉक्टरांना पाळीच्या तारखा सांगायची हिला लाज, आणि बायकांच्या डॉक्टरीणबाईंना संडासाचे आकडे सांगायची लाज. अहो, एकाच बाईचं पोट, त्यात ही भिंत कुणी बांधली? अर्ध्या गोष्टीवर दोघांनीही अर्धंच औषध दिलं. हिनं मनाशी धरलं, आजार हाताबाहेर गेला. उशीर झाला की 'गाडी गरम झाली' हे हिचं रोजचं निमित्त ऐकून वैतागलेल्या मालकांनी तर सांगूनच टाकलं, पुढच्या महिन्यापासून गाडी सोडा, टेबलावर बसून फोन घ्या. गाडी म्हणजे हिचा जीव. ती घरी जाऊन ढसाढसा रडली.

तिच्या शिष्यांत एक काकू होत्या, बासष्ट वर्षांच्या, जन्मभर वाचनालयाच्या पुस्तकांवर तारखा मारलेल्या. गाडी चालवायच्या परीक्षेत त्या दुसऱ्यांदा नापास झाल्या, कारण तिसरा गिअर टाका म्हटलं तरी त्यांची गाडी दुसऱ्यातच रेंगाळायची. शिकवणीला आल्या त्याच पाय आपटत, आणि त्यांनी एक चिमुकली वही स्टिअरिंगवर ठेवली.

"बघ. ज्या आठवड्यात तू सारखी पेट्रोल पंपाच्या संडासाकडे पळतेस आणि मी आरसे नीट करत बसते, त्याच आठवड्यात तू माझ्याकडे पॅड मागतेस. पाच वेळा. एकदा झालं तर योगायोग म्हणू, बाई, पाच वेळा कसला योगायोग?"

"काकू, तुम्ही हेही लिहून ठेवता?"

"तारीख दिसली की हात थांबत नाही. जा, दाखव डॉक्टरांना."

पोटाच्या डॉक्टरांनी वही दोनदा वाचली. म्हणाले, "सूज जोरात असली, वजन घटलं, की पाळी मागेपुढे होऊ शकते. आणि पाळीच्या दिवसांत पुष्कळ जणींचं पोट जास्त बिघडतं. दर वेळी आजार उफाळलाच असं नाही. तपासून बघू." पाळीत ती कोणती दुखण्याची गोळी घेते हे ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला, असली गोळी आतड्याला आणखी चिडवू शकते म्हणून ती बदलली, आणि तिच्यासमोरच डॉक्टरीणबाईंना फोन केला. तपासणीत सूज बरीच उतरलेली निघाली.

दुसऱ्या दिवशी मास्तरीण मालकांसमोर उभी राहिली. "महिन्यातले चार-पाच दिवस मी गाडीवर नसेन. बाकी सगळे दिवस माझे."

"कारण काय लिहू?"

"पाळी आणि आतडं. दोन्ही माझीच."

मालक कानापर्यंत लाल झाले. बराच वेळ ते पेनाचं टोपण शोधत राहिले, मग त्यांनी गाडीची किल्ली तिच्यापुढे सरकवली. त्या दिवशी, तीन वर्षांत पहिल्यांदाच, मास्तरीण कुणाशीही खोटं न बोलता घरी गेली.