घराला एक

वेवजी गावच्या प्रगतीला घाणीची भारी किळस. ताटाच्या कडेला साबण दिसला तरी ती ते पुन्हा घासायला घेते. मसोलीला एका संस्थेत कॉम्प्युटरवरचं काम मिळालं, तेव्हा तिला वाटलं, इथे तरी हात स्वच्छ राहतील. मग तिने धनेशचा कोड उघडला.

धनेश म्हणजे संस्थेतला हुशार माणूस, असं तो स्वतःच सांगतो. संस्था पाड्यापाड्यांवर सिकलसेलसाठी, म्हणजे हातपाय ठणकवणाऱ्या रक्ताच्या आजारासाठी, रक्त तपासते. ज्यांच्यात आजार निघतो त्यांची नावं धनेशची पायथॉनमधली स्क्रिप्ट नर्सकडे पाठवते. तिच्यात तेच काम फिरून फिरून करणारा लूप, त्याच्या पोटात लूप, त्याच्या पोटात आणखी एक, आणि नावं काय, तर आय, जे, के. जित्याजागत्या माणसाचं नाव के! प्रगतीला शिसारी आली. खरकटी भांडी रचून वर फडकं टाकावं, तसला हा प्रकार.

"चालतंय ना? मग हात लावू नको," धनेश म्हणाला.

तिने लावलाच. आयचा पाडा केला, जेचं घर, केचा माणूस. मग वाचत गेली. प्रत्येक पाडा घे, त्यातलं प्रत्येक घर घे, घरातला एकेक माणूस बघ, आजारी सापडला की नाव पाठव आणि पुढच्या घरी जा.

पुढच्या घरी? आणि या घरातले उरलेले? तिने धनेशला विचारलं.

"अगं, ते ब्लँकेटवाटपाच्या स्क्रिप्टमधून उचललंय. तिथे घराला एक द्यायचं होतं," धनेश म्हणाला, आणि हसलासुद्धा. आईबापांकडून पोरांत उतरणारा आजार, तो काय एकाला धरून थांबणार? प्रगतीला त्याच्यासमोर चहा जाईना.

दुरुस्त स्क्रिप्टने काढलेल्या नावांत तिच्या शेजारच्या रूपीमावशीची धाकटी होती, जयवंती. थोरल्या कविताला केव्हाच गोळ्या सुरू झाल्या होत्या. जयवंतीचं नाव आलं नव्हतं, म्हणजे ती धडधाकट. पाय दुखतात म्हणाली की साऱ्या पाड्याने म्हणायचं, बहिणीचं बघून सोंग करते. यात प्रगतीची आईही होती.

संध्याकाळी नर्सला घेऊन प्रगती मावशीच्या ओट्यावर गेली. नर्सने सगळं समजावून सांगितलं.

"रडायची, तरी हंडा देऊन पाठवायची मी तिला," मावशी म्हणाली. "कामचोर बोलली मी."

जयवंती दाराला टेकून ऐकत होती. तिने आईकडे पाहिलं नाही. प्रगतीला हळूच विचारलं, "ताई, म्हणजे माझं खरंच दुखत होतं ना?"