बाकाखालचा वाघ्या

चहा घ्या आधी, कारण पुढचं ऐकून माझ्या पदवीवरचा तुमचा विश्वास उडणार आहे. अकोल्यात मी जनावरांची डॉक्टर आहे. कुत्र्याला कर्करोग झाला, तर उपचारांना तो कसा साथ देईल, याचा अंदाज रक्तातल्या काही प्रथिनांवरून बांधता येतो. तोच माझा अभ्यासविषय. विषय भक्कम आहे, हे आजही ठामपणे सांगते. गफलत विषयाची नव्हती.

माझा एक नियम होता. रक्त घेणाऱ्याला कुत्र्याची अवस्था ठाऊक नसावी, म्हणजे निष्कर्षात आपला कल मिसळत नाही. त्यामुळे रक्त घेताना मी गाठी चाचपत नसे, कागद वाचत नसे आणि मालकाला एक शब्द बोलू देत नसे. किती शास्त्रशुद्ध, नाही का?

बाळापूरजवळच्या फुलशेतीतून सुमनकाकू आपल्या वाघ्याला घेऊन आल्या. त्याच्या गळ्याखाली कर्करोगाच्या गाठी असल्याचं निदान माझे सहकारी डॉ. देशमुख यांनी आदल्याच आठवड्यात केलं होतं. काकूंचा प्रश्न एकच होता: वाघ्या वाचणार का? त्या सांगू लागल्या, तर मी हात वर करून त्यांना थांबवलं. टेबलावर बसलेल्या तांबूस कुत्र्याचं रक्त घेतलं, त्याचा फोटोही काढला. किती शहाणं जनावर! सुई टोचली तरी हूं की चूं नाही.

अहवाल पाहिला आणि मी हरखले. इतके उत्तम आकडे कर्करोगाच्या कुत्र्यात मी पाहिलेच नव्हते. आता शहाण्या माणसाला इथे शंका यायला हवी. मला आनंद झाला. त्याच आठवड्यात अमरावतीला पशुवैद्यांच्या बैठकीत मी तो आलेख आणि तो फोटो भल्यामोठ्या पडद्यावर दाखवला, आणि अशा रुग्णाला कडक इंजेक्शनांची गरज नाही, असं बजावून सांगितलं. टाळ्या पडल्या. मी त्या घेतल्या.

दुसऱ्या दिवशी काकू पुन्हा आल्या. वाघ्याला आधीच तपासून आलेले देशमुख म्हणाले की गाठी वाढल्यासारख्या वाटतात, इंजेक्शनं आजच सुरू करू. मी त्यांना बोटांचा अंदाज आणि प्रयोगशाळेचं मोजमाप यांतला फरक समजावून सांगितला; बराच वेळ. मग इंजेक्शनांचा कागद ओढून त्यावर काट मारायला पेन उघडलं आणि टेबलावरच्या कुत्र्याच्या पाठीवर थाप मारली.

"बघा काकू, वाघ्या किती टवटवीत आहे!"

काकूंनी माझ्याकडे जरा काळजीनं पाहिलं.

"हा राजा हाय, म्याडम. वाघ्याचा भाऊ. वाघ्या तं त्या बाकाखाली बसून राहिला."

मी वाकून पाहिलं. बाकाखाली तसाच तांबूस, पण मलूल वाघ्या. भाऊ सोबत असल्याशिवाय तो गाडीतच चढत नसे, म्हणून काकू दोघांनाही आणत.

"मग मागच्या वेळी मी रक्त कोणाचं घेतलं?"

"याचंच की."

"आणि तुम्ही बोलला नाहीत?"

"तुमीच तं म्हटलं, एक शब्द बोलू नका. मले वाटलं, माणसात रगत द्याले भावाले बोलावतात, तसं याचं रगत पाहून राहिल्या. एवढ्या शिकलेल्या बाईले कोण टोकते?"

देशमुख खिडकीबाहेर पाहत होते. त्यांचे खांदे हलत होते.

पेन मी खिशात ठेवलं. वाघ्याला इंजेक्शन त्याच दिवशी दिलं; त्याआधी त्याचं रक्त घेतलं, गाठी चाचपून, काकूंना दोनदा नाव विचारून. आकडे अर्थातच काळजीचे निघाले. पूर्ण उपचार झाले, काही आठवड्यांत गाठी ओसरल्या, आकडेही सुधारले. आजार परतू शकतो, हे काकूंना स्पष्ट सांगितलं आहे. तूर्त तरी वाघ्या झेंडूच्या वाफ्यांतून राजाच्या मागे धावतोय.

अमरावतीच्या बैठकीतल्या प्रत्येक डॉक्टरला मी स्वतः फोन करून चूक कबूल केली. वाटलं, प्रकरण मिटलं. पण काकूंनी हा किस्सा गावभर केला होता. परवा त्यांच्या शेजारच्या एका शेतकऱ्याचा फोन आला. आपला कुत्रा अगदी ठणठणीत आहे, तरी घेऊन येऊ का, असं विचारत होते.

"ठणठणीत आहे तर आणता कशाला?"

"सुमनबाई सांगून राहिल्या, काहीच झालं नसंल तं तुमचं निदान एकदम पक्कं निंगते."