टँकरवाल्याची माफी

बाळांनो,

परवा फोनवर तुम्ही सांगत होतात की शाळेत तुम्हाला अमेरिकेच्या पश्चिमेकडे राहायला गेलेल्या लोकांचा धडा आहे. वेल्सहून आलेली एक बाई, ओसाड माळ, मातीचं घर आणि बोलायला एकच शेजारीण. धाकटीने विचारलं, "आजी, तू पण सेटलर होतीस का?" मी उत्तर देणार तेवढ्यात तुम्हाला जेवायची हाक आली आणि फोन बंद झाला. यंदा आजोबांची नोकरी संपते आहे. सामान बांधायला काढलंय, आणि एकदा खोकी बंद झाली की माझं डोकंही बंद होतं. म्हणून उत्तर आत्ताच लिहिते. आईकडून वाचून घ्या. एखादा शब्द अडला तर तिला विचारा, पण मराठीत.

तर हो, मीही सेटलर होते. बैलगाडी तेवढी नव्हती. सौदीतल्या दम्मामच्या विमानतळावरून आजोबांनी मला कामावरच्या पिकअपमधून आणलं. मी नाशिकच्या शाळेत इंग्रजी शिकवून नुकतीच निवृत्त झाले होते. आजोबा तुमच्या आईच्या जन्माआधीपासून आखातात. वर्षातून एकदा सुट्टीवर यायचे, कपाटाच्या कड्या दुरुस्त करायचे आणि जायचे. आमचा एवढाच संसार. तो आता तरी एका छपराखाली करायचा, असं मी ठरवून आले होते.

"अगं, इथे ना भाजीवाला, ना बस," ते गाडी चालवता चालवता म्हणाले. "तीन महिन्यांचा व्हिसा आहे. जमलं तर तुझा इकामा करू, म्हणजे राहायचा परवाना. नाही जमलं तर मन मारून राहायचं नाही, सरळ घरी जायचं. मला एकट्याची सवय आहे."

"मलाही आहे," मी म्हटलं. "तीच मोडायला आलेय."

रास अल खैरच्या अलीकडे, हमरस्ता सोडून आत, एका ओळीत सहा बैठी घरं होती. शेवटचं आमचं. पुढे वाळू, मागे वाळू. सकाळी केर काढायचा आणि दुपारी तोच केर पुन्हा खिडकीतून आत घ्यायचा. मी डब्यांना चिठ्ठ्या लावल्या, पडद्यांना खालून शिशाचे मणी शिवले, आणि आठवड्याभरात घर माझं झालं.

आजोबा समुद्राचं पाणी गोडं करण्याच्या प्रकल्पावर होते आणि आमच्या घरी पाणी टँकरने यायचं. टँकरवाला सुदानी होता, उंच आणि हसरा. पहिल्या घरापासून टाक्या भरत यायचा. एक दिवस आमच्या दारात आला, पाइप खांद्यावर तसाच, आणि पडेल चेहऱ्याने म्हणाला, "मदाम, मोया माफी."

मोया म्हणजे पाणी, हे मला आजोबांनी शिकवलं होतं. माफी काय, ती तर आपलीच. पाण्याला उशीर झाला म्हणून बिचारा माफी मागतोय! मला भरूनच आलं. मी हात जोडून हिंदीत म्हटलं, "अरे भाई, माफी किसलिए? कोई बात नहीं!" तो जरा गोंधळला, मग हसून निघून गेला.

पुढच्या खेपेलाही तेच. माफी, कोई बात नहीं. त्यानंतर तो आमच्यापर्यंत यायचाच थांबला. मी संध्याकाळी आजोबांना म्हटलं, "इथले लोक किती नम्र आहेत हो!" ते पेपरातून डोकं वर न काढता "हं" म्हणाले.

आणि मग एका सकाळी मी डोक्याला शिकेकाई लावून नळ सोडला, तर नळाने एक उचकी दिली आणि गप्प झाला.

माझ्या मनात पहिला विचार केसांचा नाही आला. आला तो आजोबांचा. संध्याकाळी ते येणार, कोरडी बादली बघणार आणि शांतपणे म्हणणार, "तिकीट बघू या का?" ते रागावले असते तर भांडता आलं असतं. पण ते काळजीने म्हणाले असते, आणि काळजीपुढे माझं काही चालत नाही.

डोक्याला टॉवेल गुंडाळून, वरून इथला पायघोळ काळा अबाया चढवून मी शेजारच्या भाभीकडे गेले. भाभी रत्नागिरीकडची. तिच्या नवऱ्याचं हमरस्त्यावर किराण्याचं दुकान होतं.

"बाई, ह्या काय? शिकेकाईचा ओघळ नाकावर आलाय!"

मी सगळं सांगितलं. माफीपर्यंत आले तशी भाभी भिंतीला टेकली आणि हसत हसत खालीच बसली.

"अगो बाई! तो माफी नाय मागत होता! अरबीत माफी म्हंजे नाय. मोया माफी म्हंजे पाणी नाय, संपला!"

"आणि मी त्याला कोई बात नहीं म्हणत होते?"

"मग त्याला वाटला, मास्तरीणबाईंना पाणीच नको! वा रे वा, नवरा समुद्र गोड करतोय नि बायकोची बादली कोरडी!" तिने डोळे पुसले, घागरभर पाणी माझ्या डोक्यावर स्वतः ओतलं, आणि मग टँकरवाल्याला फोन लावला. अरबीत काय बोलली ते कळलं नाही. शेवटचं "यल्ला", म्हणजे चल लवकर, तेवढं कळलं.

तो दुपारी आला. मी फाटकात उभीच होते. शाळेत उच्चार घोटून घ्यावेत तसं मी स्पष्ट म्हटलं, "मोया माफी!"

त्याने छातीवर हात ठेवला, मान तुकवली आणि गंभीरपणे म्हणाला, "कोई बात नहीं, मदाम!"

मग आम्ही दोघंही इतके हसलो की पाइप टाकीतून निसटून अंगणभर पाणी झालं.

आजोबा आले तेव्हा वाळू ओली होती. मी काही लपवलं नाही. ताट वाढता वाढता सगळं सांगितलं आणि तिकिटाचा शब्द निघायची वाट पाहत बसले. त्यांना हसताना ठसका लागला.

"मला वाटायचं," पाणी पिऊन ते म्हणाले, "आखातात नवा होतो तेव्हाचा आमचा अरब किराणावाला फार सज्जन आहे. साखर मागितली की माफी मागतो. पहिलं वर्षभर मी त्याला मोठ्या मनाने माफ करत होतो."

"आणि हे मला कधी सांगितलं नाहीत?"

"कोणाला सांगणार? घरी आल्यावर कोणी होतं का?" ते थोडा वेळ भात कालवत राहिले. "तुझा पासपोर्ट काढून ठेव. उद्या इकाम्याचं बघतो."

त्या ओळीतली चार घरं आता पाडली आहेत. दोन उभी आहेत. भाभी कोकणात परतली, तिचा शुक्रवारी फोन येतो. पाणी आता नळाला येतं. शेवटच्या घरात आम्ही दोघं अजून राहतो, आणि आता जिथे जाऊ तिथे दोघं मिळूनच जाणार आहोत.