पुढची सुट्टी

आमच्या गावच्या स्टेशनवर पॅसेंजर एक मिनिट थांबते. सुरतेकडून तापीच्या अंगाने भुसावळकडे जाणारी गाडी, वाटेतलं एकही स्टेशन न सोडणारी. माय म्हणायची, "एक्स्प्रेस म्हणजे श्रीमंत सोयरा. दारावरून जातो, आत काही येत नाही." मायला वाचता येत नव्हतं, पण नंदुरबार, दोंडाईचा, शिंदखेडा, नरडाणा, बेटावद, अमळनेर ही ओळ तिला पाढ्यासारखी पाठ होती. तिचं जग त्या ओळीवरच होतं. दवाखाना नंदुरबारला, बाजार दोंडाईचाला, माहेर बेटावदला. त्या ओळीच्या बाहेर ती एकदाच गेली, माझ्याकडे यायला. त्या एका खेपेचं मला लिहायचं आहे.

माझी शाळा दोंडाईचाला होती. पाचवी ते सातवी मी पॅसेंजरने गेले. माय रोज स्टेशनवर सोडायला यायची आणि गाडी हलली की डब्याबरोबर चार पावलं चालायची. सातवीची परीक्षा झाली आणि गाडीची वेळ बदलली. सकाळची गाडी दुपारी यायला लागली. शाळा सोड असं मला कुणी म्हणालं नाही. गाडी बदलली आणि शाळा सुटली, एवढंच. माय मात्र ते विसरली नाही. लग्न होऊन मी भिवंडीला आले, वर्षं गेली, तरी फोन ठेवताना तिचं ठरलेलं वाक्य असायचं, "वेळ नीट इचारून घेत जा, पोरी. वेळेनं तुझं एकदा वाटोळं केलंय."

नवरा लूमवर, म्हणजे कापडाच्या यंत्रमागावर आहे. मी त्याच कारखान्यात कांड्या भरते, म्हणजे धोट्यात बसणाऱ्या छोट्या नळ्यांवर सूत गुंडाळते. आम्ही शेलारच्या बाजूला एका खोलीत राहतो. भिवंडीच्या लूमना शुक्रवारी सुट्टी असते. शाळा, बँका, सरकारी कचेऱ्या रविवारी बंद, आमचं सगळं शुक्रवारी. कपडे शुक्रवारी धुवायचे, मटण शुक्रवारी, वज्रेश्वरीला जायचं तरी शुक्रवारी. सुरुवातीला मी गावाकडे बोलताना 'आमची शुक्रवारची सुट्टी' असं म्हणायचे. मग कधीतरी नुसतं 'सुट्टी' म्हणायला लागले. ते कधीपासून, हे मला आठवत नाही. फार आठवून पाहिलं.

मायला दम लागायला लागला होता. नंदुरबारच्या डॉक्टरने छातीतलं पाणी एकदा काढलं, ते परत भरलं. दुसऱ्यांदा भरलं तेव्हा तो म्हणाला, मुंबईकडे मोठ्या दवाखान्यात न्या, इथे ठेवू नका. भावाचा कापसाच्या जिनिंगचा सीझन चालू होता, त्याला एक दिवस सुटता येत नव्हतं. मी त्याला शुक्रवारी संध्याकाळी फोन केला. सगळं विचारून ठेवलं होतं मी. शेजारच्या बाईकडून सरकारी दवाखान्याची वेळ, खिडकी कुठली, कागद कुठले. मला सवयच आहे, तीन-तीनदा विचारायची.

"मायला रातच्या गाडीत बसवून दे," मी म्हणाले. "सकाळी वसईला उतरेल. मी तिथे असते. तिथून शटलच्या गाडीने भिवंडी रोड स्टेशनला आणते."

"कधी बसवू?"

"पुढच्या सुट्टीला पोचेल अशी बसव."

"पुढच्या सुट्टीला. नक्की ना?"

"नक्की रे. माझी सुट्टी वाया नको जायला."

मग माय फोनवर आली. दोन शब्द बोलली की थांबायची. "तू... असशील ना तिथं?"

"असेन, माय. तू उतरलीस की समोरच्या बाकड्यावर बस. मी येईपर्यंत उठू नकोस. कुणी काही सांगितलं तरी उठू नकोस."

भावाने शनिवारी तिला गाडीत बसवून दिलं. त्याच्या हिशेबाने पुढची सुट्टी दोनच दिवसांवर होती. तो मनात म्हणाला, बहिणीला घाई झालीय, बरं झालं.

रविवारी सकाळी सातला मी कामावर गेले. तिथे लूम चालू असल्या की शेजारी उभ्या माणसाचे नुसते ओठ दिसतात. माझी पिशवी खिळ्याला, पिशवीत फोन. जेवणाच्या वेळेला आमच्या खात्यातल्या लूम थांबल्या तेव्हा समोरच्या लूमवरचा म्हातारा कारागीर म्हणाला, "भाभी, आपका झोला कब से थरथरा रहा है. साँप पाल रखा है क्या?"

सगळे हसले. मीही हसले. मग फोन काढला. भावाचे कॉल होते, एकाखाली एक. मी मोजले नाहीत. लावला तर त्याने उचलल्याबरोबर विचारलं, "पोचली ना घरी? सकाळपासून उचलत का नाहीस?"

"कोण पोचली?"

तो म्हणाला, "आज रविवार आहे."

एवढंच म्हणाला. त्याला अजून काही कळलं नव्हतं, पण मला त्या तीन शब्दांत सगळं कळलं. माय सकाळी सहापासून वसईच्या बाकड्यावर होती आणि आता एक वाजून गेला होता.

मुकादमाला काय सांगितलं ते आठवत नाही. तो मागून ओरडला, "जाओ, जाओ, कल की कल देखेंगे," एवढं ऐकलं. रिक्षाने अंजूरफाटा, तिथून स्टेशन. आमच्या शटलच्या दिवसाला मोजक्याच फेऱ्या. एक गेली की दुसरी कधी, ते पाठ असलेलंच बरं. पुढची पाऊण तासाने होती. रस्त्याने जावं तर मानकोलीपासून ट्रकांची रांग लागलेली, आत अडकलं की ना इकडे ना तिकडे. फलाटावर उभी राहिले. उभं राहण्यासारखं वाईट काम नाही. भाऊ दर पाच मिनिटांनी फोन करत होता आणि दर वेळी आम्ही तेच बोलत होतो.

"पण तूच म्हणालीस सुट्टी."

"माझी सुट्टी शुक्रवारी असते."

"मला काय माहीत? जगाची रविवारी असते."

"मी सांगितलं होतं तुला."

"कधी?"

सांगितलं होतं, दहा वर्षांपूर्वी.

शटल आली. बसायला जागा होती तरी मी दारात उभी राहिले. खारबाव, कामण, जूचंद्र. मायसारखी मीही पुटपुटत होते. एकीकडे वाटत होतं, तिने उठून कुणालातरी विचारलं असेल, कुठल्यातरी गाडीत बसून निघून गेली असेल, आता कुठे शोधू. दुसरीकडे वाटत होतं, ती उठली नसेल. दुसऱ्याचीच भीती जास्त होती.

ती उठली नव्हती.

बाकड्याच्या कडेला बसली होती, मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात. ओठ सुकून पांढरे झालेले. तिच्या बाजूला खारबावची एक भाजीवाली बसली होती, रिकामी पाटी पायाशी, पदराने मायला वारा घालत. मला बघून तीच आधी बोलली.

"तूच का ती पोर? बाय, किती वाट बगायला लावशील? सकालधरना बसलेली हाय तुजी आय. पानी देते तं पीत न्हाय."

"का गं माय, पाणी का नाही प्यायलीस?"

"प्याले असते... तर उठावं लागलं असतं," माय म्हणाली. "तू उठू नको... म्हणाली होतीस."

भाजीवाली म्हणाली, "मी बोलले, चल माज्यासंगती, तुला भिवंडीच्या फलाटावर उतरवून देते. तं बोलते, न्हाय, माजी पोर येनार हाय. दोन गाऱ्या सोरल्या मी हिच्यापायी. घरी सासू शिव्या घालत असल." आणि हसली. मला तिच्या पाया पडावंसं वाटलं, पण मी नुसतीच उभी राहिले. मायच्या चोळीत माझा नंबर लिहिलेला कागद होता. कुणालाही दाखवला असता तर फोन लागला असता. मी विचारलं, का नाही दाखवलास.

"तू येणार होतीस ना," माय म्हणाली. "मग फोन कशाला?"

मग माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "काय गं... तुझी वेळ परत बदलली का?"

मी सगळं सांगितलं. सुट्टी, शुक्रवार, लूम. ती ऐकत राहिली. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. ती म्हणाली, "अशी कशी सुट्टी. देवाला तरी ठाऊक आहे का?" भाजीवाली म्हणाली, "भिवंडीचं सगलं उलटंच असतंय, मावशी."

संध्याकाळच्या शटलने आम्ही तिघी निघालो. मायला खिडकीजवळ बसवलं. ती आता पाणी प्यायली, तिने अर्धं बिस्कीट खाल्लं. दम होताच. प्रत्येक स्टेशनवर गाडी थांबली की ती बाहेर बघायची आणि मान हलवायची, ओळखीचं माणूस भेटल्यासारखी. "ही पण थांबते सगळीकडे," म्हणाली. "चांगली गाडी आहे." खारबावला भाजीवाली उतरली. खिडकीशी येऊन मायच्या हातावर हात ठेवून म्हणाली, "बरी होऊन ये, मावशी. शेवग्याच्या शेंगा ठेवते तुला." तिचं नावही मी विचारलं नाही. नंतर त्या फलाटावर मी तिला खूप वेळा शोधलं, एकदाही दिसली नाही.

पुढे पुलावरून पाणी दिसलं. माय बराच वेळ खाली बघत होती.

"ही कुठली नदी?"

"खाडी आहे, माय. नदी येऊन मिळते तिला."

"पाणी मागं का चाललंय?"

भरती होती. समुद्राचं पाणी आत चढत होतं, प्लास्टिकच्या पिशव्या, गवत, फेस, सगळं वरच्या अंगाला वाहत होतं. मी इतकी वर्षं त्या पुलावरून जातेय, मला कधी ते विचित्र वाटलं नव्हतं. मी तिला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "आपली तापी असं नाही करत," आणि डोळे मिटले.

रविवारी सरकारी दवाखान्याची ती खिडकी बंद. सोमवारी नेलं. नवरा रातपाळी करून तसाच आमच्याबरोबर आला. डॉक्टरने छातीचा फोटो बघितला आणि मला बाजूला घेतलं. दोन्ही बाजूंनी पाणी, आणि पाणी हा नुसता आजाराचा एक भाग. विचारलं, "इतके दिवस काय करत होतात?" मी सांगायला लागले, तर म्हणाला, "बरं, राहू द्या." भरती करून घेतलं, नळी घातली, पाणी काढलं. मंगळवारी तिला बरं वाटलं. माझ्याकडून वेणी घालून घेतली आणि म्हणाली, "तुझी मजुरी बुडतेय, जा तू." मी गेले नाही. बुधवारी ती फार बोलली नाही. गुरुवारी दुपारी गेली.

मी फिरून फिरून एकाच जागी येते. त्या नऊ तासांत ती पाणी प्यायली असती, आडवी झाली असती, तर? डॉक्टरला मी हे विचारलं. तो म्हणाला, नऊ तासांनी फरक पडला नसता. असंच म्हणत असतील ते सगळ्यांना. आणि मग दुसरा विचार येतो, तो जास्त अवघड आहे. भावाला माझं बोलणं बरोबर कळलं असतं, तर त्याने तिला गुरुवारी संध्याकाळी गाडीत बसवलं असतं. गुरुवारी दुपारी तर ती गेलीच. मला ती दिसलीच नसती. चार दिवस, वेणी, खाडीचं उलटं पाणी, हे मला त्या चुकीने दिलं. चुकीचे आभार कसे मानायचे ते मला येत नाही. पण मानते.

भाऊ शुक्रवारी सकाळी आला. मी वसईला मायला आणायला जाणार होते ती सकाळ. मी भिवंडी रोडच्या फलाटावर उभी होते, तो एकटा उतरला. मायला गावी न्यायचं म्हटलं तर लांबचा रस्ता होता, इथेच करायचं ठरलं. मला वाटलं होतं, खांदा द्यायला माणसं कुठून आणायची. पण शुक्रवार होता. लूम बंद होत्या. गल्लीतले, कारखान्यातले सगळे आले. तो म्हातारा कारागीर आला, मुकादम आला, ज्यांच्याशी कधी बोलले नाही तेही आले. मायला इथे ओळखणारं कुणी नव्हतं, तरी गल्लीच्या टोकापर्यंत माणसं होती. रविवार असता तर चौघेही मिळाले नसते.

अस्थी घेऊन आम्ही बहीण-भाऊ निघालो. शटलने वसई, तिथून सुरत, तिथून पॅसेंजर. मडकं माझ्या मांडीवर होतं, त्यावर माझे दोन्ही हात. नंदुरबार आलं तेव्हा भावाने माझ्याकडे बघितलं, मी पुढचं नाव घेतलं नाही, त्यानेही नाही. तापीवर सगळं झालं. पाणी खाली, भुसावळकडून सुरतेकडे, नेहमीसारखं सरळ जात होतं.

दहावं-तेरावं करून मी परत निघाले. गावच्या स्टेशनवर भाऊ सोडायला आला होता. पॅसेंजर आली. मी चढून दारात उभी राहिले.

"वर्षश्राद्धाआधी एकदा येऊन जा," तो म्हणाला.

"येईन ना. बघते, एखाद्या..."

मी थांबले. गाडी हलली. तो डब्याबरोबर चार पावलं चालत आला आणि म्हणाला, "वार सांग."

मी वार सांगितला.