शहाडच्या भट्टीचं विरजण

पिंपात हात घातला तर पाणी गारच. वास गोड, बुडबुडा मात्र एक नाही. मोहाची फुलं पाण्यात भिजवली की आंबतात, खदखदतात, आणि मगच ती भट्टीवर चढवून दारू काढता येते. आमची नुसती भिजून बसली होती.

शहाडला नदीकाठी सरकारी लायसनची ही नवी भट्टी, आणि मी तिचा मुकादम. अबकारी खात्याच्या इन्स्पेक्टरसाहेबांचं बिऱ्हाड आवारातच होतं. त्यांनी सगळी पिंपं चुन्याने घासून घेतली, जुन्या गाळाचा थेंब ठेवू दिला नाही. ठेकेदार शेटनी मला बोलावून सांगितलं, "पहिली खेप नासली तर लायसन गेलं, आणि मुकादम, तुम्हीही गेलात."

मला हवं होतं विरजण, म्हणजे जुन्या मडक्याच्या तळाचा गाळ. तो होता फक्त गावातल्या आगरी घरांत. पण घरी दारू काढणं आता गुन्हा होता. त्यांच्या भट्ट्या मोडूनच आमची उभी राहिलेली. कोणत्या तोंडाने मागणार? तरी गरजवंताला अक्कल नसते. विहिरीवर सोनूबाय नावाच्या म्हातारीपाशी शब्द टाकला. तिने मान वर केली नाही, घागर भरली आणि चालू लागली.

सकाळी बांधावरून बायकांची रांग आली. प्रत्येकीच्या डोक्यावर मडकं, म्हणजे गुन्ह्याचा पुरावाच, आणि फाटकात इन्स्पेक्टर उभे. सर्वांत पुढे सोनूबाय होती.

"काय आहे यात?" साहेबांनी विचारलं.

"इरजन," ती म्हणाली. "तुमी आमच्या चुली इजवल्या. पन इरजन मागनाऱ्याला आमी नाय म्हनत नाय. वैरी असला तरी."

साहेबांनी तिच्या मडक्यात डोकावून पाहिलं. शिपाई पुढे सरला तसा त्यांनी त्याला हाताने अडवलं.

"आधी ओतू दे," ते म्हणाले. "रिकाम्या मडक्याचा पंचनामा होत नाही."

एकेक मडकं पिंपांत रितं झालं. संध्याकाळी मी पिंपाला कान लावला. आत खदखद सुरू झाली होती. मला रडूच आलं. एवढं मोठं काळीज मी पुन्हा कुठे पाहिलं नाही.

माल डिग्रीला, म्हणजे ठरल्या कडकपणाला, बरोबर उतरला. साहेबांनी पिंपं घासायचा हुकूम मागे घेतला. पुढे कल्याण-ठाण्याच्या भट्ट्यांवरून माणसं आमच्याकडे विरजण न्यायला येऊ लागली. शेटच्या मनात आलं, ते विकावं. मी म्हटलं, जरूर विका, फक्त आधी सोनूबायला विचारून या.

शेट काही गेले नाहीत.