गोकुळचे बूट

कडूबा आणि गोकुळ सिल्लोडजवळच्या जंगलात बरोबरच रोजंदारीला लागले होते. गोकुळ बारावी पास, म्हणून तो पुढं वनरक्षक झाला. पगार, क्वार्टर, वर्दी, सगळं त्याला मिळालं. कडूबा मात्र अजून रोजानंच राबत होता. किराणा महागला की घरात आधी त्याचा चहा बंद व्हायचा, आणि गोकुळच्या दारातली नवी मोटारसायकल दिसली की त्याच्या पोटात दुखायचं.

यंदा उन्हाळ्यात डोंगराला वणवा लागला. दोघांनी शेजारी उभं राहून हिरव्या डहाळ्यांनी आग झोडपली. ती विझली तेव्हा कडूबाच्या चपला वितळून गेल्या होत्या. गोकुळनं तिथंच बसून स्वतःचे सरकारी बूट काढले.

"घाल. तुला पायी उतरायचंय, मला गाडी हाय."

"नको."

"घाल रे, मला दुसरे मिळतील."

ते 'दुसरे मिळतील' कडूबाला चटक्यापेक्षा जास्त झोंबलं. पण पाय भाजले होते. त्यानं बूट घातले.

घरी बायको आवडाबाई बूट बघून म्हणाली, "लई चांगला माणूस हाय गोकुळभाऊजी."

"व्हय ना," कडूबा म्हणाला. "वाईट असता तर शिव्या तरी घालता आल्या असत्या."